हर्णैच्या धक्क्यावरून हॅम्बुर्गच्या धक्क्यावर: परदेशी शिकायला जाताना कॅमेरा सोबत न्यायचा तर

जर्मनीत शिकायला निघालेली आमच्या दापोली तालुक्यातली मुलं भेटायला येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, कॅमेरा कुठला घेऊ?" मी विचारते, हर्णै बंदरातल्या मासळीच्या लिलावाचे किती फोटो काढलेस? बहुतेकांनी एकही काढलेला नसतो. लहानपणापासून बघतोय, त्यात काय काढायचं, असं उत्तर येतं. मग मी म्हणते, कॅमेऱ्याचं नंतर बघू, आधी महिनाभर बंदरावर जा.

मी दोन वर्षं हॅम्बुर्गला होते. पहिल्या दोन महिन्यांत चारेक हजार फोटो काढले, त्यातले ठेवण्याजोगे अकरा निघाले. बाकीचे सगळे पोस्टकार्डांची नक्कल होते, तीही वाकडी. जे अकरा जमले ते धक्क्यावरचे, ओहोटीतल्या चिखलाचे, पावसातल्या माणसांचे. डोळ्याला घरून जे वळण लागलं होतं तेवढंच तिथे कामाला आलं. म्हणून हा लेख विमानतळापासून नाही, हर्णैपासून सुरू होतो.

आधी एक महिना बंदरावर

जर्मन विद्यापीठांचं हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं. म्हणजे आपल्याकडून निघणं सप्टेंबरात. पण सराव पावसाळ्यावर ढकलू नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात आणि लिलाव नसतो. एप्रिल-मे हाच काळ खरा.

पहिल्या आठवड्यात फोनवरच काम करा. एकच जागा धरा, समजा सुवर्णदुर्ग समोर दिसतो तो किनाऱ्याचा तुकडा, आणि तिथे सकाळी, भर दुपारी, लिलावाच्या वेळी आणि दिवेलागणीला उभे राहा. जागा बदलायची नाही, झूम करायचं नाही. चार दिवसांत कंटाळा येतो आणि पाचव्या दिवशी सावल्या दिसायला लागतात.

नंतर हात धरायला शिका. लिलावात बोली लावणाऱ्यांचे हात, पाण्यातून टोपल्या घेऊन येणाऱ्या बायका, बैलगाडीचं चाक. शटर, म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा उघडा राहण्याची वेळ, १/२५० सेकंद ठेवलंत तर हात थांबतो, १/१५ ठेवलंत तर हात वाहतो आणि मागचा माणूस स्थिर राहतो. दोन्ही काढून घरी शेजारी शेजारी लावून बघा. संध्याकाळी उजेड उतरला की आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, १६०० किंवा ३२०० करायला घाबरू नका. फोटोत थोडे कण दिसले तर चालतं, पापलेट हललेलं दिसलं तर चालत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड: विचारणं. ओळखीच्या मावशीला, "मावशी, एक फोटो काढू का?" हे विचारायलाही पहिल्यांदा जीभ जड होते. तिने "कशाला गं, तोंडाला घाम आलाय" म्हटलं तर थांबायचं, हसायचं, दोन दिवसांनी काढलेला दुसरा फोटो छापून तिला नेऊन द्यायचा. ही सवय लागली की हॅम्बुर्गात परक्या भाषेतही विचारता येतं. ही न लागता गेलात तर दोन वर्षं पाठमोऱ्या माणसांचेच फोटो येतात. माझ्या ओळखीच्या एका मुलाच्या आख्ख्या अल्बमात एकही चेहरा नाही.

सूर्याचा हिशोब

हर्णै साधारण १७.८ अंश उत्तरेला आहे, हॅम्बुर्ग ५३.५ अंशांवर. फोटो काढणाऱ्याला या दोन आकड्यांत सगळं मिळतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर. हॅम्बुर्गात तो दिवस कधीच येत नाही. डिसेंबरात आपल्याकडे दुपारचा सूर्य क्षितिजापासून ४९ अंश वर असतो, तिथे जेमतेम १३. म्हणजे आपण ज्या तिरप्या उजेडासाठी पहाटे उठतो, तो तिथे हिवाळ्यात भर बारा वाजता मिळतो. अर्थात ढग बाजूला झाले तर.

तिथे डिसेंबरात सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो. जूनमध्ये पाचच्या आधी उगवतो आणि रात्री पावणेदहा-दहाला मावळतो, आणि त्यानंतरही उत्तरेकडचं आभाळ पूर्ण काळं होत नाही. सूर्यास्तानंतरची निळी वेळ हर्णैला वीस-बावीस मिनिटांत आटोपते, ट्रायपॉड उघडेपर्यंत निम्मी संपते. हॅम्बुर्गात ती जूनमध्ये पाऊण तासाच्या वर रेंगाळते. पण तिच्यासाठी उन्हाळ्यात रात्री अकरापर्यंत जागावं लागतं आणि डिसेंबरात तीच वेळ दुपारचं लेक्चर सुटता सुटता येते. विद्यार्थ्यासाठी हिवाळा सोयीचा, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. पहिला हिवाळा मी खोलीत बसून रडण्यात घालवला.

भरती-ओहोटी तिथेही आहे

हॅम्बुर्ग समुद्रावर नाही. एल्ब नदीवर आहे आणि समुद्र तिथून शंभर किलोमीटरच्या पुढे. तरीही भरती-ओहोटी थेट शहरात येते, आणि फरक थोडाथोडका नाही, साडेतीन मीटरच्या वर. आपल्या खाडीत पाणी वर चढतं तसंच, फक्त दोन्ही काठांना विटांच्या इमारती.

आपल्याकडे जुनी माणसं पाऊणकीच्या पाढ्याने भरती सांगतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. हे गणित हॅम्बुर्गात लावू नका, मी लावून फसले आहे. नदीच्या मुखाशी कुक्सहाफेनला आलेल्या भरतीला वर शहरापर्यंत चढायला काही तास लागतात, त्यामुळे घड्याळाची वेळ जुळत नाही. पण भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, पुनवेला-अमावास्येला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती, हे सगळं जसंच्या तसं. नेमकी वेळ जर्मनीच्या सागरी व जलमापन संस्थेच्या तक्त्यात मिळते, तो तक्ता कॅलेंडरशेजारी लावून ठेवा.

याचा उपयोग कुठे? श्पायशरश्टाट या जुन्या गोदामांच्या भागात. लाकडी खांबांच्या पायावर, १८८३ ते १९२७ या काळात बांधलेली ही लाल विटांची गोदामं. कॉफी, चहा, मसाले, गालिचे इथे उतरायचे. २०१५ मध्ये युनेस्कोने हा भाग जागतिक वारशात घेतला. पोगेनम्युलेनब्रुके नावाच्या पुलावरून दोन कालव्यांमधली इमारत दिसते, तो फोटो तुम्ही आधीच शंभरदा पाहिला असेल. लोक तिथे येतात, खाली चिखल बघतात आणि हळहळत परत जातात. ओहोटीला ते कालवे जवळजवळ रिकामे होतात. प्रतिबिंब हवं तर भरती आणि निळी वेळ एकत्र येतील असा दिवस निवडा. महिन्यात असे चार-पाच दिवस सहज निघतात. ट्रायपॉड लावा, आयएसओ १००, भिंगाचं तोंड एफ/८, शटर चार ते आठ सेकंद, आणि बटण बोटाने न दाबता दोन सेकंदांचा टायमर ठेवा. पुलावरून गाडी गेली की पूल थरथरतो, ती जाऊ द्या.

मला मात्र चिखलाचेच फोटो जास्त आवडतात. खांब, शेवाळं, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघा. आपल्याला चिखल वाचता येतो, त्याचा फायदा घ्या.

सामान: काय चालतं, काय नाही

नवा कॅमेरा निघण्याआधी घेऊ नका. पहिले तीन महिने फोन पुरतो. नंतर तिथे वापरलेला घ्या, पण दुकानातून, कारण व्यापाऱ्याला वापरलेल्या वस्तूचीही किमान वर्षभर जबाबदारी घ्यावी लागते. खासगी विक्रेता हात वर करू शकतो. घरून महागडा कॅमेरा नेणारच असाल तर मुंबई विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे परत येताना वाद नाही. सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, टोकांना चिकटपट्टी लावून.

खाण्याचे नियम आईला आधीच सांगा, नाहीतर विमानतळावर डबा टाकताना जीव तुटतो. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, खवा, तूप, सगळं बाद. ताज्या फळांना प्रमाणपत्र लागतं, म्हणून हापूस बाद. गंमत अशी की नारळ, केळं, अननस, खजूर आणि ड्युरियन या पाच फळांना त्यातून सूट आहे. पण सुकं खोबरं विमान कंपन्या पेट घेणारा माल धरतात, ते न्यायचं नाही. आणि मासळी? माणशी २० किलोपर्यंत चालते, सुकीसुद्धा. म्हणजे सुके बोंबील कायदेशीर आहेत. पण सहा जणांच्या सामायिक स्वयंपाकघरात ते भाजायला घेतलेत तर कायदा मदतीला येत नाही. आमच्या मजल्यावर धुराची घंटा वाजली आणि मी पुढचा आठवडाभर सगळ्यांची माफी मागत होते. आमसुलं, कुळथाचं पीठ, मसाला एवढं न्या.

कागदपत्रं, थोडक्यात

निघण्याआधी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारा दाखला, आणि बँकेत अडकवून ठेवायची रक्कम, जी सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो आहे. पोचल्यावर घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा आणि त्यासाठी घरमालकाचा सहीचा कागद लागतो. तो देणार नाही म्हणणाऱ्याकडे खोली घेऊ नका.

फोटोंतून कमाईची स्वप्नं असतील तर एक इशारा. विद्यार्थ्याला मार्च २०२४ पासून वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस नोकरी करता येते. पण लग्नाचे, वाढदिवसाचे फोटो काढून बिल देणं ही नोकरी नाही, तो स्वतंत्र व्यवसाय. त्याला परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. "मित्राकडूनच घेतले पैसे" हे तिथे चालत नाही.

पहिल्या तीन फेऱ्या

पहिली फेरी: ६२ नंबरची बोट. लांडुंग्सब्रुकेनच्या धक्क्यावरून फिंकेनवेर्डरला जाते. पर्यटक बंदराच्या सफरीला वेगळं तिकीट काढतात. ही बोट मात्र शहराच्या वाहतुकीचा भाग आहे, विद्यापीठाच्या शुल्काबरोबर मिळणाऱ्या तुमच्या सेमिस्टर तिकिटात बसते. वरच्या डेकवर मागच्या बाजूला उभे राहा, तिथे वारा कमी लागतो. बोट हलते म्हणून शटर १/५०० च्या खाली नको. जाताना ओव्हेलगोनेला उतरा. तिथे नदीकाठी चक्क पुळण आहे, आणि समोर कंटेनर उतरवणाऱ्या क्रेन. पुळणीवर पोरं खेळतात आणि मागून चारशे मीटरचं जहाज सरकत जातं. लांब भिंग असेल तर दोघांना जवळ आणता येतं.

दुसरी फेरी: जुना एल्ब बोगदा. १९११ साली उघडला, ४२६ मीटर लांब, नदीच्या तळाखालून. पायी जाणाऱ्याला फुकट. आतल्या फरशा पिवळट उजेड परावर्तित करतात, म्हणून व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, आपोआपवर सोडू नका. पलीकडे श्टाइनवेर्डरला बाहेर पडलात की सगळं शहर समोर उभं, मनोऱ्यांसकट. शहराचा सगळ्यांत चांगला फोटो शहरातून मिळत नाही, पलीकडच्या काठावरून मिळतो. सुवर्णदुर्गाचंही तेच, तो पाहायचा तर हर्णैच्या किनाऱ्यावरूनच.

तिसरी फेरी रविवारी पहाटे, फिशमार्क्ट, म्हणजे मासळीबाजार. १७०३ पासून भरतो. उन्हाळ्यात पहाटे ५ ला, हिवाळ्यात ७ ला सुरू होतो आणि साडेनऊला बंद. रात्रभर नाचून आलेली तरुण पोरं आणि टोपली घेऊन आलेल्या आजीबाई एकाच रांगेत असतात. गाडीवर उभे राहून विक्रेते ओरडतात, पिशवीत एकावर एक मासे टाकत भाव तोच ठेवतात. भाषा कळली नाही तरी मला सगळं कळत होतं. शेजारची १८९६ ची लिलावाची इमारत पाहून मात्र माझी निराशा झाली. आत लिलाव नाही, बँड वाजतो आणि लोक न्याहारी करतात. म्हटलं, हर्णैला या, लिलाव दाखवते.

हिवाळ्यात वादळी भरती येते तेव्हा हीच जागा पाण्याखाली जाते. फोटो भारी येतात म्हणून कठडे ओलांडून पुढे जाणारे दिसतील, तुम्ही जाऊ नका. फेब्रुवारी १९६२ च्या पुरात या शहरात तीनशेवर माणसं गेली. उधाणाच्या पाण्याशी मस्ती करायची नाही हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

माणसांचे फोटो

जर्मनीत स्वतःच्या चेहऱ्यावरचा हक्क लोक गांभीर्याने घेतात. १९०७ चा कायदा आहे: ओळखू येणाऱ्या माणसाचा फोटो प्रसिद्ध करायला त्याची संमती हवी. माणूस दृश्याचा किरकोळ भाग असेल किंवा मोर्चा-जत्रेसारखा जमाव असेल तर सूट. लहान मुलांचे पालकांना विचारल्याशिवाय काढूच नका. एका बाजारात एका गृहस्थांनी माझ्यासमोर उभं राहून फोटो पुसायला लावला होता. मला तेव्हा राग आला. घरी येऊन बघितलं तर दोष माझाच होता, त्यांचा चेहरा चौकटभर होता.

इमारतींचं सोपं आहे. सार्वजनिक रस्त्यावरून दिसणारी इमारतीची बाहेरची बाजू काढून प्रसिद्ध करता येते. पण रस्त्यावर उभं राहूनच. ड्रोनने काढलेल्याला ही मोकळीक नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं. शिवाय कॅमेऱ्याच्या ड्रोनला नोंदणी आणि विमा लागतो. विद्यार्थ्याने त्या भानगडीत पडू नये.

विचारण्यापुरतं एक वाक्य जर्मनमध्ये पाठ करा. आणि त्याआधी "मोइन" म्हणा. हॅम्बुर्गात सकाळ, दुपार, संध्याकाळ, सगळ्याला एकच नमस्कार. दोनदा म्हणू नका, दोनदा म्हणणाऱ्याला बडबड्या समजतात, असं तिथले लोक अर्ध्या गमतीने सांगतात.

तिकिटातले प्रवास

मे २०२३ पासून जर्मनीत सगळ्या स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांना चालणारं एकच मासिक तिकीट आहे, आणि विद्यार्थ्याला ते साठ टक्के दरात विद्यापीठाच्या शुल्काबरोबर मिळतं. वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्यांना चालत नाही. खेडहून मांडवी एक्सप्रेसऐवजी दिवा पॅसेंजर धरावी तसं, वेळ जास्त लागतो पण खिडकी आपली.

ल्युबेक पाऊण तासावर. होल्स्टेन दरवाजा सगळे काढतात. तुम्ही मागच्या गल्ल्यांतली वाकून आत शिरायची बोळं बघा. ल्युनेबुर्ग मिठावर श्रीमंत झालेलं गाव, तिथली घरं अजून खचतायत आणि वाकलेल्या भिंती फोटोत तुमच्या भिंगाचा दोष वाटतात. ब्रेमेनही जमण्याजोगं.

पण मला कुणी एकच ठिकाण निवडायला सांगितलं तर कुक्सहाफेन. ओहोटीला समुद्र क्षितिजापर्यंत मागे हटतो आणि दहाएक किलोमीटर चिखलातून चालत लोक नॉयवेर्क बेटावर जातात. युनेस्कोच्या यादीत २००९ पासून आहे तो किनारा. एकट्याने जायचं नाही, माहीतगार माणसाबरोबरच. भरती मागून ओहोळांतून येते आणि वाट कापते. आमच्याकडच्या माणसाला हे लगेच पटतं, मैदानी भागातल्या मित्राला पटवायला मला अर्धा तास लागला.

जर्मनीच्या निवासपरवान्यावर इतर शेंगेन देशांत, म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांत, १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड दोन्ही जवळ ठेवा. ब्रिटन यात नाही.

पाऊस, थंडी आणि भिंगावरची वाफ

हॅम्बुर्गचे लोक तिथल्या पावसाची फार तक्रार करतात. वर्षाला आठशे मिलिमीटरच्या आत-बाहेर. दापोलीत तीन हजारांच्या वर पडतो. पण तिथला पाऊस कोसळत नाही, दिवसभर भुरभुरतो, आणि छत्री वाऱ्याने उलटते. टोपीचं जाकीट घ्या, कॅमेऱ्याला साधी प्लास्टिक पिशवी आणि रबरबँड. ओल्या फरसबंदीवर दिवे पडले की रात्रीचे फोटो कोरड्या दिवसापेक्षा चांगले येतात.

वाफेचं गणित मात्र उलटं आहे. आपल्याकडे एसी खोलीतून बाहेर पडलं की भिंग धुकटतं. तिथे थंडीतून उबदार घरात शिरलं की. त्यामुळे आत येण्याआधी, बाहेरच, कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि आत आल्यावर तासभर उघडू नका. कार्ड आधीच काढून घ्या, नाहीतर फोटो बघायचा मोह आवरत नाही. थंडीत बॅटरी निम्म्यात मान टाकते. दुसरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा.

परत येताना पुन्हा सगळं उलटं. मी जूनमध्ये परतले आणि ५० मिलिमीटरचं भिंग कपाटात ठेवलं. गणपतीत काढलं तर आत बुरशीची जाळी. तुम्ही पापडाचा घट्ट झाकणाचा डबा घ्या, सिलिका जेलच्या पुड्या टाका, पुड्या ओलावल्या की तव्यावर मंद गरम करून परत वापरा.

फोटो कुणाला दाखवायचे

आठवड्याला दहाच फोटो घरी पाठवा. चाळीस पाठवलेत तर कुणी एकही बघत नाही. आणि सहा महिन्यांतून एकदा छापून पाठवा.

माझा मामा बोटीवर खलाशी होता, एल्बमधून कितीदा वर गेलेला. वेडेलला, एस-१ लोकलच्या शेवटच्या स्टेशनाजवळ, नदीकाठी एक जागा आहे, विलकोम-ह्योफ्ट. १९५२ पासून तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना त्यांच्या झेंड्याचं राष्ट्रगीत वाजवून सलामी देतात. मामा सांगायचा, "बोट पनामाची, खलाशी आम्ही रत्नागिरीचे, आणि वाजलं पनामाचं. आम्ही उभे राहिलो आपले." त्याने तो काठ फक्त बोटीवरून पाहिलेला. मी काठावर दोन तास थंडीत उभी राहिले, एक भलं मोठं कंटेनर जहाज आलं, पुढे झेंडा उतरवणारा माणूस, मागे ढगांतून तिरपं ऊन. त्या दोन वर्षांतला माझा सगळ्यांत चांगला फोटो. बारा बाय अठराचा छापून आणला.

मामाने चष्मा लावला, फोटो खिडकीपाशी नेला, बराच वेळ जहाजाच्या पोटाशी बघत राहिला.

"पाण्याबाहेर किती वर आलंय बघ," म्हणाला. "रिकामं चाललंय."